बायकोला विचारायचा प्रश्न

"डॉक्टर, बकरा भाजताय की मला?" मुसेंबीने विचारलं, आणि अख्खं ऑपरेशन थिएटर हसलं. मोरा सिस्टर, जिला हसताना मी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी बघतो, तिनेही मास्कच्या आत फुर्रकन आवाज काढला. मुसेंबीच्या डोक्याला लोखंडी चौकट आवळलेली होती, मी त्याच्या कवटीत भोक पाडत होतो, आणि तो टक्क जागा होता. या ऑपरेशनात माणसाला जागंच ठेवावं लागतं, नाहीतर हाताचा कंप थांबला की नाही हे विचारायचं कोणाला? कातडी तेवढी बधिर केलेली. "थट्टा नाही करत," तो म्हणाला, "रविवारी मचाकोसच्या रस्त्याला अस्साच वास सुटलेला असतो. मीठ तेवढं कमी पडलंय." "हाड तापलं की येतो, बाबा," माझी सहकारी अडोंगो त्याला म्हणाली आणि मग हळूच माझ्याकडे वळली, "आज जरा जास्तच येतोय, सर. पाणी सोडू का अजून?" सोड, म्हटलं. तिने पिचकारीने ड्रिलच्या टोकावर पाणी सोडलं. मी पुढचं काम करत राहिलो. हात माझे ठीक होते, अगदी ठीक होते. फक्त मला कसलाही वास येत नव्हता. मी मास्कच्या आत खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि नाकात नुसती हवा गेली. थंड, कोरी हवा.

या वासाची मला तीस वर्षांची सवय. पहिल्यांदा आला तेव्हा मी शिकाऊ होतो, मी ओकेन म्हणून आमच्या सरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. मग तो कपड्यांत बसला, केसांत बसला. कागेंदो, माझी बायको, मी दारातून आत आलो की म्हणायची, "आज डोकं उघडलंस ना कोणाचं तरी? आधी अंघोळ." इतका तो वास माझा होता. तो कधी गेला? हे मला आठवेना, आणि तिथे मी पहिल्यांदा घाबरलो. एखादी वस्तू हरवली की माणूस आठवतो, काल होती, परवा होती. वास कधी हरवला हे कसं आठवणार? तो आला नाही, एवढंच घडत असतं, आणि न घडलेलं कुणाच्या लक्षात राहतं?

बाकी ऑपरेशन नेहमीसारखं झालं. बारीक तार आत आत जात राहिली, स्पीकरवर मेंदूच्या पेशींचा आवाज फोडणीसारखा तडतडत राहिला, आणि ठरलेल्या खोलीवर आल्यावर मी अडोंगोला करंट सुरू करायला सांगितला. मुसेंबी न्हावी आहे. गिकोंबाच्या बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान आहे आणि गेली काही वर्षं त्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोणी तयार नाही. त्यामुळे नेहमीसारखा कप धरायला सांगण्याऐवजी आम्ही त्याच्या उजव्या हातात कात्री दिली होती. हात असा थरथरत होता की कात्रीची पाती एकमेकांवर आपटत होती. करंट सुरू झाला आणि ते आपटणं थांबलं. मुसेंबीने हाताकडे पाहिलं. मग त्याने हवेत केस कापायला सुरुवात केली, कच कच कच कच, गिऱ्हाईक खुर्चीत बसवून गप्पा मारत कापतात तशी, सफाईदार. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंड मात्र बंद होईना. "अडोंगोबाई, या पुढे, तुमचे पण कापतो. डॉक्टरांचे राहू दे, त्यांना आहेतच किती!" सगळे परत हसले. मीही हसलो. एरवी या क्षणासाठीच मी हे काम करतो, दुसरं मला काय आहे? पण त्या दिवशी मी त्याच्या हाताकडे बघायचं सोडून स्वतःच्या हाताकडे बघत होतो.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही. मुसेंबीला जो कंपवाताचा आजार आहे, तो हातापासून सुरू होतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. तो नाकात सुरू होतो आणि झोपेत सुरू होतो. दहा दहा, पंधरा पंधरा वर्षं आधी. आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदूच्या देठाशी एक कुलूप लागतं, म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी पाय अंथरुणातच राहतात. या माणसांचं ते कुलूप झिजतं. स्वप्नात पळाले की खरंच पाय झाडतात, स्वप्नात भांडले की खरंच ठोसा मारतात, आणि सकाळी उठून त्यांना पत्ता नसतो. मी आयुष्यभर कंपवाल्यांच्या आणि फेफरेवाल्यांच्या मेंदूत तारा घालत आलो, पण माझं नाव झालं असेल तर ते या एका गोष्टीवरच्या कामामुळे झालं. हात थरथरायच्या कितीतरी आधी आजार ओळखता येतो, कसा, तर बायकोला विचारून. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक माणसाच्या बायकोला मी बाजूला घेऊन विचारतो, "आई, हे रात्री झोपेत ओरडतात का? लाथा झाडतात का? तुम्हाला कधी लागलंय का?" मुसेंबीची बायको स्योंबुआ, तिने पदरासारखं घेतलेलं फडकं तोंडाला लावून हसू दाबलं होतं. "लाथा? अहो, हा रात्रभर शेळ्या हाकतो! एकदा माझं कानशील फोडलं आणि सकाळी मलाच विचारतो, कुठं आपटलीस गं?" मी हसलो होतो आणि पुढे गेलो होतो. परदेशातल्या सभांमध्ये मला लोक विचारायचे, रुग्णाला स्वतःला माहीत नसलेली गोष्ट तुम्ही सिद्ध कशी करता? मी म्हणायचो, "आमच्याकडे बायका आहेत." सभागृहात हमखास हशा पिकायचा. ज्यांच्या शेजारी कोणी झोपत नाही, विधुर, सोडून दिलेले, एकटे, त्यांच्यासाठी माझ्याकडे प्रश्नच नव्हता. त्यांना मी संशोधनातून वगळत असे. वगळलेल्यांपैकी मी एक आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. एवढा शहाणा मी!

संध्याकाळी न्गाँग रोडवरच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि एकेक डबा उघडून नाकाशी धरला. कॉफी. काही नाही. कपड्यांचा साबण. काही नाही. कांदा कापला, डोळ्यांना झोंबला, नाकाला नाही. रॉकेलची बाटली तर मी इतकी जवळ घेतली की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं म्हातारा जीव देतोय. मग मला आमचा राखणदार आठवला. गेल्या महिन्यात तो जिना चढून आला होता. "डॉक्टर, तुमच्याकडून गॅसचा वास येतोय," म्हणाला. मी म्हटलं, "माझ्याकडून? छे, खालच्यांचा असेल." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला रागच आला. तो आत आला, शेगडीची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि गेला. मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत, उलट मनात म्हटलं, काय आगाऊ माणूस आहे. आणि ती भाजी, जी गेले कित्येक दिवस तळाला करपते आणि मी खरवडून खातो, मला वाटायचं शेगडी बिघडली. घरात दुसरं माणूस असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलं असतं, "अरे, भाजी लागली, नाक कुठे गहाण ठेवलंस?" एकट्या माणसाचा आजार कोणालाही दिसत नाही, त्याला स्वतःलासुद्धा. मी खुर्चीत बसलो आणि मला फार एकटं वाटलं. हे असंच सरळ सांगतो, कारण दुसरं काही वाटत नव्हतं.

नुसत्या नाकावर काही सिद्ध होत नाही, हेही मला माहीत होतं. कोविडच्या साथीनंतर कितीतरी जणांची नाकं गेली, ती आलीच नाहीत. मलाही कोविड झाला होता. मी स्वतःशी वाद घालत राहिलो, विद्यार्थ्याशी घालतो तसा. नाक ही एक खूण, बरं. दुसरी खूण हवी. हात? मी हात दिव्याखाली धरले. स्थिर. चाल? ठीक. झोप? आणि इथे येऊन मी थांबलो. झोपेचं मला काय माहीत? मी झोपलेला असतो. रात्री तारा लावून झोपेची तपासणी करता येते, आमच्याच हॉस्पिटलात मशीन आहे, पण सकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना बातमी गेली असती. आणि पंधरवड्यानंतर मुसेंबीच्या दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन ठरलेलं. तो अडोंगोला तोंडावर म्हणाला होता, "पोरी, तुझा हात चांगला असेल, पण माझं टाळकं किरिमी डॉक्टरच उघडणार." अजून खरं सांगू का, मला मशीनला विचारायचं नव्हतं. जगात एकच माणूस होतं जे माझ्या शेजारी पंधरा-सोळा वर्षं झोपलं होतं. ते आता नान्युकीला राहत होतं, रोपवाटिका चालवत होतं, आणि आमच्या घटस्फोटाला नऊ वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी गाडी काढली. फोन केला होता फक्त, "येतोय, थोडं काम आहे." तिने एवढंच विचारलं, "मुलगी ठीक आहे ना?" ठीक आहे, म्हटलं. आमची मकेना डब्लिनला असते, तिचं सगळं ठीक असतं. कराटिनाच्या बाजारापाशी गाड्या तुंबल्या होत्या. मी काच खाली केली. एक बाई निखाऱ्यावर कणसं भाजत होती, शेजारी सुक्या मासळीचं दुकान, पुढे खच्चून भरलेल्या मटाटू गाड्यांचा काळा धूर, आणि हे सगळं माझ्यासमोरून आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं चाललं होतं. मी कणीस घेतलं. तिखटमीठ जिभेला लागलं, मक्याचा गोडवा लागला, पण ते कणीस नव्हतं. लहानपणी मेरूला आमच्या शेताच्या कडेला आजी शेकोटीत कणसं खुपसायची आणि मी शाळेच्या वळणावरूनच ओळखायचो, आज कणसं आहेत. धावत सुटायचो. आता आजीचं तोंड आठवत होतं, शेकोटी दिसत होती, पण तो वास आठवायला गेलो की काहीच हाताला लागत नव्हतं. नुसतं नाक नाही गेलं, नाकातली माणसंही गेली की काय? मागून हॉर्न वाजले. कोणीतरी ओरडलं, "ओ म्हातारबुवा, जेवण घरी करा!"

कागेंदो मला सोडून का गेली, याचं माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. ते मी इतकी वर्षं जपलं होतं की त्याला हात लावायची गरज वाटली नव्हती. मी घरी नसायचो. असायचो तेव्हा बोलायचो नाही. ती शाळेत शिकवून यायची, मी मेंदू उघडून यायचो, आणि दोघं आपापल्या ताटात बघून मक्याच्या पिठाची उगाली खायचो. मग एक दिवस तिने उशी उचलली आणि मकेनाच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. "तुला नीट झोप लागत नाही माझ्यामुळे," म्हणाली. मी म्हटलं, "बरं." बरं! माणसाला दुसरा शब्द सुचू नये? मला वाटलं, हिला माझी किळस आली, हाडाच्या वासाची, माझीच. अभिमान आडवा आला आणि मी विचारलं नाही. दोन वर्षं ती त्या खोलीत झोपली आणि मग ते घरच सोडून गेली. तिने उशी उचलली त्याच्या थोडं आधी तिच्या गालफडावर एकदा काळानिळा डाग उठला होता. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. मी बर्फ आणला, फडक्यात बांधून तिच्या गालाला धरला, आणि वर म्हणालो, "जरा बघून चालत जा." हे मला गाडीत आठवलं. स्योंबुआचा आवाज कानात आला, सकाळी मलाच विचारतो, कुठं आपटलीस गं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिलो. परत फिरावं असं वाटलं. फिरलो नाही, पण वाटलं.

तिची रोपवाटिका डांबरी रस्त्यापासून आत आहे. काळ्या पिशव्यांत ॲव्होकाडोची रोपं, ओळीच्या ओळी, आणि मागे डोंगर ढगात बुडालेला. ती गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभी होती, केस आखूड केलेले, पांढरे. मला वाटलं होतं तशी ती म्हातारी दिसत नव्हती. "वाळलास," म्हणाली. "जेवतोस की नुसती हवा खातोस?" मी म्हटलं, "करतो काहीतरी." "करपवतोस, असं म्हण. तुला चहा तरी कधी जमला?" आम्ही आत बसलो. तिने चहा आणला, आमच्याकडचा, दुधातच उकळलेला. इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत, मकेनाच्या, तिच्या रोपांना लागलेल्या किडीच्या, मी चहा प्यायलो. कप खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. तिने स्वतःचा कप तोंडालाही लावला नव्हता.

"दूध लागलं होतं," ती म्हणाली. "तू आलास त्या नादात मी विसरले. नवा टाकणारच होते, म्हटलं आधी तुझी बडबड ऐकावी. तू एक घोट घेऊन कप सरकवशील, नाक वाकडं करशील... किरिमी, तू अख्खा कप प्यायलास."

मी रिकामा कप उचलून नाकाशी धरला.

"तुझ्यासारखा नाकाचा तिखट माणूस! दूध लागलं तर तू शेजाऱ्यांच्या घरातनं ओळखायचास. तुला वास येत नाहीये?"

"नाही."

"कधीपासून?"

"तेच तर माहीत नाही," मी म्हटलं. "सांगायला कोणी नव्हतं."

हे बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून गेलं. तिने मान खाली घातली आणि बुटाच्या टोकाने जमिनीवरचा चिखल खरवडायला लागली. मग मी विचारलं. हजार बायकांना विचारलेला प्रश्न, पण तोंडात जीभ वळेना. आवाज डॉक्टरचा काढला, त्याशिवाय जमलंच नसतं. "कागेंदो, आपण एकत्र होतो तेव्हा मी रात्री झोपेत ओरडायचो का? हातपाय झाडायचो का? तुला कधी लागलं का?"

बाहेर कोणीतरी नळ सोडून दिला होता, पाणी पिशव्यांवर पडत होतं.

"हे विचारायला आलास?" ती शेवटी म्हणाली. "आता? नऊ वर्षांनी?"

"हो."

"मारायचास तू मला." तिचा आवाज सरळ होता, शाळेत हजेरी घेतात तसा. "रोज नाही. पण मारायचास. आधी नुसता ओरडायचास. मग पाय. मग एकदा हाताने, मूठ वळून. तो गाल आठवतो? कपाटाचं दार नव्हतं ते. सकाळी तूच बर्फ घेऊन आलास आणि मला म्हणालास, बघून चालत जा. मला वाटलं, या माणसाला लाज कशी नाही! दिवसा एक शब्द वाकडा बोलणार नाही, आणि रात्री मनातलं बाहेर काढणार. मला वाटलं, हे खरं. हाच खरा किरिमी. याला मी नको झालेय, दिवसा सांगायची हिंमत नाही म्हणून झोपेत सांगतोय."

"मला एकदा तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"कसं सांगणार? आजीने आम्हाला लहानपणापासून बजावलेलं, झोपलेल्या माणसाने जे केलं ते सकाळी त्याला सांगायचं नाही. सांगितलं की ते पक्कं होतं, म्हणायची. हसू नकोस. मी बी.एड. झालेली बाई, पण ते अंगात मुरलेलं. आणि आजीचं निमित्त. खरं तर मला भीती वाटायची की मी सांगेन आणि तू म्हणशील, हो, तसंच आहे."

मी तिला सगळं सांगितलं. मेंदूच्या देठातलं कुलूप, ते कसं झिजतं, मग नाक कसं जातं, मग हात. माझं नाव त्यावरच आहे, हेही सांगितलं, आणि ते सांगताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी मध्येच थांबलो. ती ऐकत होती, एका जागी, हात मांडीवर ठेवून. "म्हणजे तो आजार होता," ती म्हणाली. "तेव्हापासून." "हो." "आणि तू नव्हतास." "मी होतो, पण..." "किरिमी, मला डॉक्टरी सांगू नकोस. तू होतास की नव्हतास?" मी म्हटलं, "नव्हतो." मग ती रडली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं, तिची आई गेली तेव्हाही नाही. चिडून रडत होती, रबरी बूट जमिनीवर आपटत. "मग माझ्या त्या वर्षांचं काय करू मी? कुठे ठेवू? सगळ्या गावातल्या बायकांना विचारत फिरलास आणि एक घरातली तेवढी सुटली!" मी तिचा हात धरायला पुढे झालो आणि अर्ध्यात थांबलो, कारण मला तिचा तो गाल दिसत होता. तिनेच माझा हात ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, पालथा धरून ठेवला.

"हलत नाहीये."

"अजून नाही."

"केव्हा?"

"सांगता येत नाही. वर्षं जातील कदाचित."

"आणि तोवर लोकांची डोकी उघडत बसणार?"

हाच प्रश्न मी तीन दिवस टाळत होतो. मी म्हटलं, "दुसरा कुणी सर्जन मला येऊन म्हणाला असता की मला वास येत नाही आणि मी झोपेत मारतो, तर मी त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं असतं. सोमवारी अडोंगोला सांगतो. मुसेंबीची दुसरी बाजू तीच करेल." बोलून टाकल्यावर कळलं की आपण खरंच बोललो. थिएटरमधला तो निळा उजेड, स्पीकरमधली तडतड, थांबलेल्या हाताकडे माणूस पहिल्यांदा बघतो ते तोंड, हे सगळं एका वाक्यात दुसऱ्याच्या झोळीत गेलं. अडोंगो चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली होईल. "न्हावी शिव्या घालेल," मी म्हटलं. "घालू दे," कागेंदो म्हणाली. "तुला कोणीतरी घालायलाच हव्यात." आणि डोळे पुसता पुसता हसली.

मग तिने नवा चहा टाकला. या वेळी ती शेगडीपाशीच उभी राहिली, दुधावरची नजर न काढता. पाठ माझ्याकडे ठेवून तिने विचारलं, "कोणाला मारायचास तू?"

"म्हणजे?"

"स्वप्नात. कोणी तरी असेल ना समोर. मला मारत नव्हतास म्हणतोस, मग कोणाला?"

मला स्वप्नं आठवत नाहीत, असं मी सांगणार होतो. पेशंटसुद्धा असंच म्हणतात आणि जरा वेळ दिला की आठवतं. आमच्या घरची रीत तिच्या आजीपेक्षा वेगळी नव्हती. वाईट स्वप्न पडलं की दाराबाहेर जाऊन थुंकायचं आणि घरातल्या माणसाला सांगायचं नाही, नाहीतर ते त्याच्यावर जातं. मी सर्जन झालो, जगभर फिरलो, आणि न्गाँग रोडवर पहाटे गॅलरीत जाऊन कुंडीत थुंकत राहिलो. म्हणजे आम्ही दोघं एका पलंगावर, ती माझे फटके लपवत होती आणि मी माझं स्वप्न. "तरस," मी म्हटलं. "लहानपणी आमच्या गोठ्यात शिरलं होतं एकदा, ते. अजून येतं. दारातून आत येतं, खांदे वर, मागचं अंग खाली. माझ्याकडे बघतच नाही. ते तुझ्यावर येत असतं. तू माझ्या मागे भिंतीला टेकून उभी असतेस आणि मी त्याला मारत असतो. हाताने, पायाने, मिळेल तसं. ते मागे हटत नाही. मी आणखी जोरात मारतो."

दूध वर आलं. तिने शेगडी बंद केली आणि तशीच उभी राहिली. पाठमोरी. तिचा एक हात हळूच वर गेला आणि गालावर, त्या जुन्या जागेवर, टेकला.

नंतर आम्ही फार बोललो नाही. चहा प्यायलो. "आता बरा झालाय," ती म्हणाली, आणि मी म्हटलं, "असेल," आणि दोघांनाही हसू आलं. ती परत ये म्हणाली नाही, मी राहू का विचारलं नाही. तिची इथे रोपं आहेत, माणसं आहेत, एक आयुष्य आहे जे तिने उभं केलंय, आणि मला अंधार पडायच्या आत खाली उतरायचं होतं. गाडीशी आली तेव्हा एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागली. "पलंगाशेजारचा काचेचा दिवा काढून टाक. टेबलाचा कोपरा उशीपासून लांब कर. आणि पलंग भिंतीला लाव, पडशील नाहीतर, उचलायला कोणी नाही. आणि ती शेगडी काढून विजेची घे. ऐकतोयस ना?" ऐकतोय, म्हटलं. मी गाडी सुरू केली. ती फाटक उघडून कडेला उभी राहिली. गाडी तिच्याजवळून जाताना तिने काचेवर बोट वाजवलं. मी काच खाली केली.

"ते तरस," ती म्हणाली. "अजून येतं म्हणालास."

"येतं."

"आणि मी? मी अजून असते का तिथे?"

"असतेस," मी म्हटलं. "माझ्या मागे."

तिने मान हलवली. मग दोन्ही हातांनी फाटक ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.